उरलेल्या दिवसांचा इतिहास

आजाराचा इतिहास आपण लिहितो तो साथींचा, लशींचा, इस्पितळांचा. बऱ्या न होणाऱ्या माणसाने उरलेले दिवस कसे काढले, याची नोंद क्वचितच सापडते.

असोदा हे माझं आजोळ आणि बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली इथे जन्मलेल्या या बाईंना गाणी सुचली ती जात्यावर, शेतात, हात कामात असताना. म्हणून मला वाटतं, आमच्याकडच्या बाईला आजाराचा पहिला चटका बसतो तो हातातलं काम सुटल्याचा, वेदना नंतरची.

बाबा आमट्यांनी हे ओळखलं होतं. १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झालं, तेव्हा कुष्ठरुग्णांनीच तिथे विहिरी खणल्या, भाजी पिकवली.

पण ज्याला कुदळ उचलवतच नाही, त्याचं काय? लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स १९४८ मध्ये डेव्हिड तास्मा या मरणाला टेकलेल्या पोलिश निर्वासिताशी तासन्‌तास बोलत बसत. जाताना तो ५०० पौंड ठेवून गेला, त्यांच्या मनातल्या घराच्या एका खिडकीसाठी! ते घर, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभं राहायला १९६७ उजाडलं. मधल्या काळात सॉन्डर्स डॉक्टर झाल्या. वेदना उसळण्याआधीच, ठरावीक वेळाने मॉर्फिन दिलं तर माणूस गप्पा मारतो, जेवतो, वेळेला भांडतोसुद्धा, हे त्यांनी दाखवून दिलं.

भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला निघालं. दैवगती अशी, की आदल्याच वर्षी अमली पदार्थविरोधी कायदा आला होता. त्याच्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन दुर्मिळ झालं. कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये. म्हणजे २९ वर्षं! तोवर मुंबईहून ‘आता घरी न्या’ ऐकून परतलेल्यांना गावात मॉर्फिन कुठून मिळणार?

माझी मामी त्याच वर्षांत तशी परतली. घास गिळवत नव्हता. पण हिवाळ्यात भरताची वांगी आली, की ती ओट्यावर खाट टाकायला लावी. अंगणात पऱ्हाट्या पेटत, आणि खाटेवरून आवाज येई, ‘‘उलटव गं, देठाशी कच्चं आहे.’’ तिच्या जिभेला भरीत लागलं नाही. पण त्या हिवाळ्यात तिच्या हुकमाशिवाय एकही वांगं विस्तवावरून उतरलं नाही.