वायफाय जोडलंय, पण नेट चालत नाही? आधी आयपी अ‍ॅड्रेस बघा

राउटरचे दिवे चालू, मोबाईलवर वायफायची खूणही आलेली, तरी सातबारा उघडत नाही, फॉर्म पुढे सरकत नाही. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत सेवा केंद्रावर असं झालं की रांग रस्त्यापर्यंत जाते आणि बोल नेटवाल्याला बसतात. पण बऱ्याचदा बाहेरची लाईन ठीक असते. घोळ असतो आतल्या आत पत्ते वाटण्याचा.

पत्ता म्हणजे काय?

राउटरला जोडलेल्या प्रत्येक मोबाईल, कॉम्प्युटर, प्रिंटरला वेगळा आकडी पत्ता लागतो. तोच आयपी अ‍ॅड्रेस. राउटर तो आपोआप आणि ठराविक मुदतीसाठी देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात.

कुठे बघायचा?

मोबाईलवर सेटिंग्ज, वायफाय आणि जोडलेल्या नावापुढची खूण दाबा. विंडोज कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉपर्टीज. तिथे 'आयपीव्ही४' समोर पत्ता असतो. घरगुती राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. नेट चालू असलेल्या दुसऱ्या मशीनशी ताडून बघा. साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा हवा.

कोणती खूण, कोणता उपाय?

१. पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो: कॉम्प्युटरने पत्ता मागितला, पण राउटरने उत्तर दिलं नाही. म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. त्यावर नेट चालत नाही. केबल दोन्ही बाजूंनी नीट बसवा, दुसऱ्या पोर्टात लावून बघा. लाईट जाऊन आल्यावर आधी राउटर पूर्ण चालू होऊ द्या, मग कॉम्प्युटर.

२. जुन्या मशीनवर नेट चालतं, नवीन मोबाईलला पत्ताच मिळत नाही: राउटरचे पत्ते संपलेले असू शकतात. समजा १०० ते १४९ एवढेच पत्ते वाटायचे ठरलेत, म्हणजे ५० झाले. मुदत एक दिवसाची असेल, तर सकाळी येऊन गेलेल्या माणसाचा पत्ताही अडकून राहतो. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये शेवटचा आकडा वाढवा आणि मुदत दोन तासांवर आणा. वायफायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊ नका.

३. 'आयपी कॉन्फ्लिक्ट' असा संदेश, किंवा प्रिंटर मधेच गायब: एकच पत्ता दोघांकडे गेलाय. प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला कुणीतरी हाताने पत्ता टाकलेला असतो आणि राउटर तोच दुसऱ्याला देतो. वरच्या उदाहरणात प्रिंटरला १०० च्या खालचा, कुणाकडेच नसलेला पत्ता द्या. मोबाईलमध्ये आयपी सेटिंग 'स्टॅटिक' असेल तर 'डीएचसीपी' करा.

४. काही मशीन चालतात, काही नाहीत, आणि पत्त्यांचे पहिले तीन आकडेही वेगळे: दुसऱ्या खोलीत रेंज यावी म्हणून जुना राउटर जोडला असेल, तर दोघेही पत्ते वाटत बसतात. जुन्या राउटरला स्वतःचा वेगळा पत्ता द्या, त्यातला डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा. त्यात 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोड असेल तर तोच निवडा. मग केबल कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे लावा.

बदल केल्यावर वायफाय बंद करून पुन्हा चालू करा, किंवा केबल काढून दहा सेकंदांनी लावा. मशीन पुन्हा पत्ता मागतं.

हे मात्र टाळा

राउटरमागचं बारीक रिसेट बटण टोचू नका. नेट कंपनीची लॉगिन माहिती पुसली गेली, तर माणूस येईपर्यंत सगळंच बंद. नुसतं बंद-चालू करायचं तर वायरचं बटण वापरा. सेटिंग बदलण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

पत्ता बरोबर असूनही एकाही मशीनवर नेट चालत नसेल, तर नेटवाल्याला फोन करा. दिसतोय तो पत्ता आणि राउटरवर कोणता दिवा लाल आहे, एवढं आधी सांगा. निम्मी विचारपूस तिथेच वाचते.