सातबारा नसलेली खाडी

द्रोणागिरी हे आधी आपल्या उरणच्या डोंगराचं नाव, सिडकोच्या नोडचं नंतर.

मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर नवं शहर वसवा, ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी मांडली. तिघांत एक बाई होती बरं का! १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणची ९५ गावं नकाशात गेली. गावांचं म्हणणं ऐकू गेलं ते १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटलांच्या आंदोलनात. गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के भूखंड मिळाले, पण मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढणाऱ्या बाईकडे कुठला सातबारा? तिचं शेत म्हणजे खाडी, ती भरावाखाली गेली.

२०१५ मध्ये हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी भरपाईचा आदेश दिला. म्हणजे खाडीचीही किंमत मांडता येते, फक्त पन्नास वर्षं उशिरा.

विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात. पुढच्या बैठकीत आपल्या कालवांच्या जागा कागदावर उतरवूया. हरकत लेखीच द्यावी लागते.