बारा रुपयांचा मास्तर

"शिक्षकांना चांगलं प्रशिक्षण द्या, देश पुढे जाईल." दर शिक्षक दिनाला हे वाक्य फिरत असतं. मी स्वतः डी.एड. झालेला माणूस, त्यामुळे ते खोटं आहे असं म्हणणार नाही. पण ते अर्धवट आहे. उरलेलं अर्धं पुण्यातल्या एका माणसाने 1882 सालीच सरकारला लिहून दिलं होतं.

हंटर शिक्षण आयोगापुढचं जोतीराव फुल्यांचं निवेदन. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी तेवढी आपल्या लक्षात असते. शिक्षकांबद्दलचा भाग फारसा कुणी वाचत नाही. फुले म्हणतात, मास्तर प्रशिक्षित हवा, आणि शक्यतो शेतकरी समाजातला हवा. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटता कामा नये. त्याच्या अभ्यासक्रमात शेतीची आणि आरोग्याची तोंडओळख हवी. पण ते इथे थांबत नाहीत. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस हवा. शिवाय गावचा हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं, अशी कामं त्याच्याकडे द्या, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल.

प्रशिक्षण, पगार आणि पत, तिन्ही एकत्र!

जपानने असंच काहीसं केलं. 1872 मध्ये देशभर शाळांचा हुकूम काढला आणि त्याच वर्षी टोकियोत शिक्षक घडवणारी शाळा उघडली. 1886 पासून अशा शाळांतल्या विद्यार्थ्यांचा खर्च सरकारने उचलला, बदल्यात ठरावीक वर्षं शिकवायचं. (त्यात लष्करी कवायतही होती, तेव्हा आंधळं कौतुक नको.)

आपण काय केलं? माझ्या वेळी डी.एड. कॉलेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. मी जिथे शिकलो तिथे सराव पाठापेक्षा पाठ टाचणाची वही महत्त्वाची. समास नीट सोडला की मार्क. वर्गातलं मूल गप्प का बसतं, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. पुढे महाराष्ट्रातल्याच 291 डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्या. वर्मा आयोग नेमावा लागला.

आणि पगार? प्रशिक्षित पोराला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला मानधन कित्येक वर्षं महिना सहा हजार होतं, ते सोळा हजार व्हायला 2023 उजाडलं. पोरं डी.एड.कडे फिरकेनात यात नवल ते काय?

फुल्यांची तिसरी सूचना मात्र आपण भलत्याच प्रकारे अमलात आणली. मास्तरला गावची कामं दिली खरी: मतदार याद्या, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशेब. फुल्यांना त्यातून त्याचं वजन वाढायला हवं होतं. आमच्या गावात हल्ली गुरुजी घरोघरी फॉर्म घेऊन फिरताना दिसले की लोक दारातूनच सांगतात, "नंतर या."