तणावरची ज्योत: प्रोपेन टॉर्चची कुळकथा

फरसबंदीच्या सांध्यांत, खडीच्या वाटेवर आणि कुंपणाच्या पायथ्याशी उगवणारे तण मारण्यासाठी युरोप-अमेरिकेतील घरांत आज जी साधने वापरली जातात, त्यांत प्रोपेन टॉर्चचे स्थान ठळक आहे. गॅसचे सिलिंडर, दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर, रबरी नळी आणि न वाकता उभ्याने काम करता यावे इतकी लांब धातूची दांडी, एवढीच तिची रचना असते. दांडीच्या टोकाला बर्नर असतो आणि त्यातून निघणारी ज्योत तणावरून फिरवली जाते. साधन साधे असले तरी त्याच्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तण मारण्यासाठी किती थोडी उष्णता पुरेशी होते याची हळूहळू पटत गेलेली जाणीव हे त्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

तणाविरुद्ध अग्नीचा उपयोग शेतीइतकाच जुना आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब भाजण्याची रीत आहे. त्यात फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर जमिनीवर पसरून वर थोडी माती घातली जाते आणि उन्हाळ्यात तो थर जाळला जातो. त्यामुळे वरच्या मातीतील तणांची बीजे भाजून निघतात आणि राखेचा लाभ रोपांना होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सरकारने राबासाठी होणाऱ्या फांद्यांच्या तोडीवर निर्बंध आणू पाहिले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. मात्र राबाची आग जमीन रिकामी असताना लावली जाते व ती सावकाश जळत राहते. उभ्या पिकाला धक्का न लावता केवळ तणावर ज्वाला धरणे ही वेगळी कल्पना होय, आणि टॉर्चची कुळकथा खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते.

या कल्पनेचे पहिले पेटंट अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याच्या कोलंबिया गावचे जॉन ए. क्रेग यांनी १८५२ मध्ये घेतले, असे या विषयावरील लेखनात मानले जाते. ते यंत्र उसाच्या पिकासाठी होते. कल्पना योग्य होती, परंतु तिला साजेसे इंधन त्या काळी उपलब्ध नव्हते. शेतातून हिंडवता येईल, एकसारखी जळेल आणि हवी तेव्हा विझवता येईल अशी ज्योत मिळेपर्यंत हे तंत्र रुजणे शक्य नव्हते.

तशी ज्योत शेतकऱ्यांच्या आधी कारागिरांच्या हाती आली. स्वीडनमधील कार्ल रिचर्ड न्यूबर्ग यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी असा ब्लोलॅम्प घडवला की ज्यात द्रव इंधन आधी तापून त्याची वाफ होत असे आणि ती वाफ दाबाखाली बाहेर पडून जळत असे. मॅक्स सीव्हर्ट यांनी त्याच्या विक्रीचा मोठा व्यवसाय उभारला. नळ जोडणारे, डाग देणारे आणि जुना रंग काढणारे कारागीर हा दिवा वापरू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी टेक्सासमधील पशुपालकांनी हातात धरता येणारी अशीच ज्योत वनस्पतीकडे वळवली. दुष्काळात फड्या निवडुंग गुरांना खाऊ घालण्यासाठी ते त्यावरून ज्योत फिरवीत, त्यामुळे काटे जळून जात आणि आतला रसाळ गर शाबूत राहत असे. येथे हेतू तण मारण्याचा नव्हता, पण ज्योत क्षणभर फिरवावी आणि पुढे न्यावी, हे हस्तकौशल्य या कामातून रूढ झाले.

यानंतरचा निर्णायक टप्पा इंधनाचा होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तेलो यांनी १८५७ मध्ये प्रोपेन वायू शोधला होता, तरी त्याला व्यवहारात स्थान मिळण्यास अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेच्या खाणकाम विभागातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० च्या सुमारास, पेट्रोलमधून उडून वाया जाणाऱ्या वाफांचा अभ्यास करताना, त्यांतील प्रोपेन व ब्यूटेन द्रवरूपात वेगळे करून साठवता येतात हे दाखवले. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, परंतु माफक दाबाखाली सामान्य तापमानालाही द्रवरूप राहतो; म्हणून लहान सिलिंडरमध्ये त्याचा मोठा साठा मावतो आणि झडप उघडताच तो आपोआप वायू होऊन बाहेर पडतो. रॉकेलच्या ज्योतीप्रमाणे त्याला आधी तापवावे लागत नाही आणि तो काजळी न धरता जळतो. आजच्या घरगुती टॉर्चचा पाया या गुणांवर उभा आहे.

शेतात मात्र रॉकेलची ज्योत आधी पोहोचली. १९४० च्या आसपास अलाबामातील कापूस उत्पादक प्राइस मॅक्लेमोर यांनी ट्रॅक्टरला बर्नर जोडून कापसाच्या ओळींतील तण मारण्याचे यंत्र पुढे आणले. कापसाचे खोड पुरेसे जाड व टणक झाले की बुंध्याजवळून झरकन गेलेली ज्योत ते सहन करते, पण त्याच ज्योतीने कोवळे तण कोमेजून जाते, हे त्यामागील तत्त्व होते. महायुद्धानंतर रॉकेलची जागा प्रोपेन व ब्यूटेनने घेतली आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो यंत्रे कापूस व मक्याच्या शेतांतून चालू लागली. परंतु याच काळात २,४-डी आणि त्यामागोमाग अनेक रासायनिक तणनाशके स्वस्तात बाजारात आली, पुढे १९७३ च्या तेलसंकटाने गॅस महाग केला, आणि ज्वालेने तण मारण्याची पद्धत बहुतेक शेतांतून मागे पडली.

तिचे पुनरुज्जीवन युरोपातील सेंद्रिय शेतकऱ्यांनी केले. गाजराचे बी उगवायला वेळ लावते आणि तण त्याच्या आधी वर येते. त्यामुळे गाजराचा कोंब मातीतून बाहेर पडण्यापूर्वी वाफ्यावरून ज्योत फिरवली, तर तण मरते आणि पीक सुरक्षित राहते. स्वीडनच्या कृषी विद्यापीठात योहान आस्कार्ड यांनी केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रबंधरूपाने आलेल्या संशोधनात, तणाचे वय, त्याची जात आणि गॅसची मात्रा यांचा परस्परसंबंध मोजला गेला. पान जाळून राख करण्याची गरज नसते, ही या अभ्यासांतून दृढ झालेली मुख्य गोष्ट आहे. पानाच्या पेशींतील पाणी तापून प्रसरण पावते, पेशींची आवरणे फाटतात, प्रथिने गोठतात आणि पुढील काही तासांत वा एक-दोन दिवसांत पान सुकते; त्यासाठी सेकंदाच्या अंशाइतका स्पर्शही पुरतो. पान चिमटीत दाबल्यावर त्यावर बोटाचा गडद ठसा उमटला, की मात्रा पुरेशी झाली असे समजावे, ही कसोटी जाणकार आजही वापरतात.

घरांच्या अंगणात या साधनाला खरा आश्रय कायद्यांमुळे मिळाला. जर्मनीत फरसबंदीसारख्या पक्क्या पृष्ठभागांवर तणनाशक फवारण्यास विशेष परवानगीवाचून मनाई आहे, कारण पावसाच्या पाण्याबरोबर ते गटारांतून नदीनाल्यांत जाते. फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्यानुसार २०१७ पासून सार्वजनिक उद्याने व रस्ते आणि २०१९ पासून घरगुती बागा रासायनिक कीटकनाशके व तणनाशके यांना बंद झाल्या. त्यामुळे नगरपालिकेचा कामगार आणि घरमालक हे दोघेही खुरपे, उकळते पाणी आणि गॅसची ज्योत यांच्याकडे वळले.

या साधनाच्या मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतूनच येतात. रुंद पानांचे, दोन-चार पानांवर असलेले तण सहज मरते. गवताचा वाढीचा कोंब मात्र जमिनीलगत, पानांच्या वेष्टनात झाकलेला असतो, आणि हरळी किंवा लव्हाळा यांसारख्या बहुवर्षायू तणांची मुळे व गाठी मातीखाली सुरक्षित राहून पुन्हा फुटतात, म्हणून तेथे ज्योत वारंवार फिरवावी लागते. दव पडलेल्या पानांवर बरीच उष्णता पाणी सुकवण्यात खर्ची पडते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खड्ड्यांत व तळघरांत साचतो. वाळलेल्या पालापाचोळ्याजवळ, लाकडी भिंतीशेजारी किंवा सुक्या कुंपणाला लागून ज्योत वापरणे हे घर पेटवून घेण्याचे कारण ठरू शकते. जर्मनीत तर अंगणातील तण जाळताना शेजारचे कुंपण पेटल्याच्या घटना वारंवार घडतात. अमेरिकेत आढळणाऱ्या पॉयझन आयव्ही या वेलीवर ज्योत धरणे विशेष घातक असते, कारण तिच्या धुरातून जाणारे द्रव्य फुप्फुसांना इजा करते.

महाराष्ट्रात हे साधन वापरू इच्छिणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. स्वयंपाकासाठी मिळणारे घरगुती सिलिंडर अन्य कामासाठी वापरणे नियमबाह्य आहे. आणि दिवाळीनंतर येथील गवत वाळू लागले की उघडी ज्योत अंगणाबाहेर आणणे म्हणजे वणव्याला निमंत्रण देणे होय. पावसाळ्यातील उघडिपीत, पाने कोरडी असताना, फरशीच्या सांध्यांतील कोवळ्या तणावर पाण्याची बादली जवळ ठेवून झरकन फिरवलेली ज्योत हाच या साधनाचा योग्य उपयोग आहे. बाकी सर्व ठिकाणी खुरपे अधिक सुरक्षित आणि अधिक स्वस्त आहे.