लिहिलें तें उमटलें केव्हां?

एखादा प्रोग्राम संगणकाला "एवढा मजकूर या फायलींत लिही" असें सांगतो, आणि निमिषार्धांत "लिहिला" असें उत्तर मिळतें. हें उत्तर खोटें नसतें. पण पुरतें खरेंहि नसतें. त्या घटकेला मजकूर डिस्कवर उमटलेला नसून मेमरींतील एका कप्प्यांत नुसता ठेवलेला असतो. संगणकाचा सारा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्राम, ज्याला कर्नल म्हणतात, तो हा मजकूर आपल्या सवडीनें डिस्कवर नेऊन घालतो. पेढीवरच्या मुनिमानें "जमा झाले" म्हणून मान डोलवावी आणि वहींतली नोंद मात्र दिवेलागणीला करावी, तसलाच हा प्रकार. मधल्या वेळांत पेढीला आग लागली तर गिऱ्हाइकानें कोणाकडे पाहावें?

मुनिमाची ही सवय आळसाची नव्हे, काटकसरीची. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील मरे हिल येथें बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्सचा पाया घातला. पुढें युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढलें, त्याला जोडण्यांत येणारी आरके-०५ ही डिस्क मिनिटाला १५०० फेरे घेई. एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद लागत. म्हणजे हवी ती जागा फिरत समोर येईपर्यंत सरासरीनें २० मिलिसेकंद नुसती वाट पाहावी लागे. तेवढ्या अवधींत प्रोसेसर हजारों आज्ञा पार पाडी. प्रत्येक अक्षरासाठीं असें थांबावयाचें म्हटलें, तर यंत्राचा सारा दिवस ताटकळण्यांतच जाता. म्हणून ५१२ बाइटांचा एकेक ठोकळा मेमरींत ठेवून घ्यावा, त्यांत होतील त्या दुरुस्त्या तेथेंच होऊं द्याव्या, आणि मग एकाच खेपेनें तो डिस्कवर पाठवावा, अशी योजना झाली.

टॉम्प्सन यांनीं १९७८ सालीं बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकांत युनिक्सच्या अंतर्रचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याच निर्मितीचीं व्यंगें इतक्या सरळपणें सांगणारे लेखक विरळा. या उधारीच्या लेखनाचे तोटे त्यांनीं तेथेंच नोंदून ठेवले आहेत. यंत्र अवचित बंद पडलें, तर पुष्कळसा मजकूर प्रोग्रामच्या लेखीं लिहिलेला, पण वस्तुतः न लिहिलेला असा राहणार. ज्या क्रमानें लिहिलें त्याच क्रमानें तें डिस्कवर उमटेल, याची हमी नाहीं. आणि डिस्कवर लिहितांना चूक झालीच, तर तोंपर्यंत प्रोग्राम पुढें निघून गेलेला असल्यामुळें ती कोणाला व कशी कळवावी, हा प्रश्न जवळजवळ असाध्य. पहिल्या दोन तोट्यांवर कमीअधिक उपाय निघाले. तिसरा मात्र चाळीस वर्षें दबा धरून बसला.

उपायांपैकीं सर्वांत जुना म्हणजे "सिंक": सांचलेला सर्व मजकूर डिस्ककडे रवाना करण्याची आज्ञा. एक लहानसा प्रोग्राम दर ३० सेकंदांनीं ती देत राही. ही आज्ञाहि काम पुरें होण्यापूर्वींच परतत असे. म्हणून यंत्र बंद करण्याआधीं चालक मंडळी "सिंक" हा शब्द तीन वेळां टंकीत. त्या मंत्रपठणांत सामर्थ्य एवढेंच, कीं तीनदां टंकण्यांत डिस्कला उसंत मिळे! १९८३ सालीं बर्कलीच्या ४.२ बीएसडी आवृत्तींत "एफसिंक" आली. ही एका फायलीपुरती, आणि काम होईपर्यंत प्रोग्रामला थांबवून धरणारी.

याच्या उलट मार्ग डिजिटल कंपनीनें धरला होता. १९७७ सालीं जाहीर झालेल्या तिच्या व्हीएमएसमध्यें प्रोग्राम काम सोपवून उघडपणें पुढें जाई, आणि काम संपल्यावर त्याला वर्दी मिळे. तीच परंपरा १९९३ सालीं विंडोज एनटींत उतरली.

डेटाबेसवाल्यांनीं एफसिंकवर भिस्त ठेवली. पोस्टग्रेसची रीत आपल्या पेढीसारखीच: आधीं कीर्द, मग खतावणी. बदल प्रथम कीर्दींत पक्का लिहावयाचा. खतावणीचीं पानें मागाहून सवडीनें. ठराविक काळानें एफसिंककडून खतावणीची खातरजमा करून घ्यावयाची, आणि ती पटली कीं तेवढी जुनी कीर्द मोडींत काढावयाची. एफसिंक फसली, तर पोस्टग्रेस ती पुन्हां करून पाही. वरवर पाहतां यांत काय चुकलें?

२०१८ सालीं उघडकीस आलें तें असें, कीं लिनक्सचा कर्नल एकदां चूक कळवी आणि ज्या पानांचें लेखन फसलें त्यांवर "झालीं" अशीच खूण करी. दुसऱ्या खेपेची एफसिंक त्यामुळें यशस्वी ठरे. पोस्टग्रेस निश्चिंत होऊन कीर्द मोडी. खतावणींत तर नोंद नाहींच. सावकार, गिऱ्हाईक, मुनीम, कोणालाहि चाहूल न लागतां नोंद नाहींशी. कर्नलवाल्यांची बाजू अगदींच लंगडी नव्हती: कोणी यूएसबी डिस्क उपटून नेली, तर तिचीं पानें मेमरींत किती काळ सांभाळावीं? तरीहि फ्रीबीएसडी हा कर्नल असलीं पानें सोडून देत नसे, हें विसरतां येत नाहीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें पोस्टग्रेसनें आपला शिरस्ता बदलला: एफसिंक एकदां जरी फसली, तरी ताबडतोब सर्व काम थांबवावयाचें आणि कीर्दीवरून खतावणी नव्यानें उभी करावयाची.

त्याच वर्षीं मे महिन्यांत लिनक्सच्या ५.१ आवृत्तींत येन्स आक्सबो यांचें "आयओ-यूरिंग" दाखल झालें. प्रोग्राम आणि कर्नल यांच्या सामाइक मेमरींत दोन चक्राकार रांगा असतात. एकींत प्रोग्राम मागण्या ठेवतो, दुसरींत कर्नल पोहोच ठेवतो. कोणी कोणासाठीं ताटकळत नाहीं. परंतु साध्या लेखनाची पोहोच मिळाली, म्हणजे मजकूर मेमरींतल्या कप्प्यांत शिरला एवढेंच. डिस्कची खात्री हवी असेल, तर एफसिंकची मागणी तिला जोडून रांगेंत निराळी ठेवावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्यें निघालेल्या १८ व्या आवृत्तींत पोस्टग्रेसनें या रांगांचा उपयोग सुरू केला, तो वाचनापुरता. त्या आवृत्तींत लेखन जुन्याच वाटेनें होतें.