लंडनच्या ठशातला वाघ आणि आपल्या चांद्याचा वाघ

मंडळी, वाघाने माणूस मारला की दोन तासांत मोबाईलवर एक चित्र फिरायला लागतं. लाल डोळे, उघडा जबडा, खाली ‘नरभक्षक’. असं चित्र काही आजचं नाही.

२२ ऑगस्ट १८५७ ला लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएलचं एक चित्र आलं. लाकडावर कोरून छापलेलं. जमिनीवर गोरी बाई आणि तिचं बाळ, त्यांच्यावर वाघ, आणि वाघावर झेप घेणारा सिंह. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे उठाव करणारे आपले शिपाई. इंग्रजांना ही खूण ओळखीची होती. १७९९ ला टिपू पडला, त्याचं चिन्ह वाघ. त्या विजयाच्या पदकावरही सिंहाने वाघाला लोळवलेलंच दाखवलंय.

उठावात इंग्रज बायामुलं मारली गेली हे खरंच. पण समोर जनावर काढलं की ‘हे लोक का उठले?’ हा प्रश्नच उरत नाही. फक्त मारायचं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके उठले. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. खऱ्या वाघाचंही तेच झालं: मारणाऱ्याला इंग्रज सरकार बक्षीस द्यायचं.

आपल्या मातीतली खूण वेगळी आहे. ताडोबा हे नावच बघा. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख तारू देव झाला, त्याचं ठाणं तळ्याकाठी आहे, असं लोक सांगतात. जंगलातल्या गावांच्या शिवेवर वाघोबा पुजला जातो. म्हणजे भीती आहे, दुःख आहे, पण वाघाला दुश्मन ठरवलेलं नाही. मेलेल्या माणसालाही कोणी विसरलं नाही.

आज दोन चित्रं चालतात. एक ‘नरभक्षक’वालं, दुसरं सफारीच्या जाहिरातीतलं देखणं. मोहफुलं, तेंदूपाने वेचायला पहाटे जंगलात जाणारी बाई दोन्हींत नाही. तिला जंगलात का जावं लागतं, तिच्या घरच्यांना मदत कधी मिळते, हे दोन्ही चित्रं विचारत नाहीत. ते आपल्याला विचारावं लागेल.

पुढचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघा. आणि तुमच्या शिवेवर वाघोबा असेल, तर गावाचं नाव खाली नक्की लिहा.