भरावाची माती आणि भागांचे सोने

बंदराचे काम मोठे फसवे असते. घर बांधले तर भिंत दिसते, रस्ता केला तर खडी दिसते. समुद्रात किती भर पडली, हे मात्र काठावर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून बंदरासाठी लागणारा पैसा बहुधा दुसऱ्याच्या शब्दावर द्यावा लागतो, आणि जेथे शब्दावर पैसा जातो तेथे लबाडीला वाट सापडते. मुंबईने हा धडा फार लवकर आणि फार महागात घेतला.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. युद्धाच्या काळात मुंबईकडे नेहमीच्या किमतीहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक आले, असा त्या वेळचा अंदाज आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच भरतीच्या दिवसांत.

हा पैसा गेला कोठे? बराचसा समुद्र बुजविण्याच्या मंडळ्यांत गेला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुंबईला जमीन आणि गोदी यांची गरज खरीच होती. मोठी जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि माल होड्यांतून बंदरांवर उतरवावा लागे. गरज खरी होती म्हणूनच थापेवर विश्वास बसला. निव्वळ खोट्याला इतके गिऱ्हाईक मिळत नाही. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागाला ५०,००० पर्यंत भाव गेला. विकली जात होती ती जमीन नव्हे, उद्याच्या भावाची आशा!

परंतु सावकाराने आपले पैसे बुडविले तर तो त्याचा प्रश्न. मुंबईत सार्वजनिक पैसाही या खेळात उतरला. बँक ऑफ बॉम्बे १८४० ची. तिच्यात सरकारचे भाग होते आणि तिच्या मंडळावर सरकारने नेमलेले संचालक बसत. भागांच्या तारणावर कर्ज देण्याची तिला मनाई होती. १८६३ च्या कायद्याने ती उठली. मग भाग गहाण ठेवून कर्ज काढावे आणि त्या कर्जातून आणखी भाग घ्यावे, असे चक्र सुरू झाले. प्रसिद्ध दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत चालत असे. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणाऱ्यांजवळ कागदच उरले होते. बँकेचे दोन कोटींहून अधिक असलेले भांडवल जवळजवळ सगळे बुडाले.

१८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. काळ विलक्षण होता, हे तिने मान्य केले. तथापि सगळा दोष काळावर टाकला नाही. सैल केलेला कायदा, अधिकाराचा दुरुपयोग करणारे चिटणीस आणि निष्काळजी संचालक, अशी कारणे तिने स्पष्ट मांडली. राखणदार होते, पण ते जागे नव्हते.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीने खरोखरच भर घातली होती. पण सारा धक्काच खासगी हाती गेला तर व्यापारावर मक्तेदारी बसेल, ही भीती होती. म्हणून सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. जहाजे आणि माल यांवरील आकारातून कर्ज फेडावे आणि गोद्या बांधाव्या, अशी ती रचना होती. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाली. सट्ट्याला जे साधले नाही, ते हिशेबाने साधले. अर्थात ही व्यवस्था सर्वांची नव्हती; ज्यांच्या होड्या पिढ्यान्पिढ्या त्या किनाऱ्याला लागत, त्या कोळ्यांना मंडळात जागा नव्हती.

हा इतिहास शिळा झालेला नाही. महासाथीनंतर युरोपीय संघाने २०२० मध्ये ७५० अब्ज युरोंचा पुनरुत्थान निधी ठरविला. जून २०२१ पासून संघाच्या पैशातील अफरातफरीवर खटले भरणारे स्वतंत्र कार्यालयही तेथे कामाला लागले. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६,२२० कोटींच्या बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, आणि तेथील मच्छीमारांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे. बंदर हवे की नको, यावर मतभेद असू शकतील. परंतु पैसा कोणाचा, भर किती पडली आणि किनारा कोणाचा गेला, हे तीन प्रश्न विचारणे नागरिकाचे कर्तव्य होय. १८६५ मध्ये ते भाव चढत असताना कोणी विचारले नाहीत. चौकशी समितीने विचारले, तेव्हा तिजोरी रिकामी झाली होती.